पावडर लावलेली तिकिटं

बाई, तुमची तिकिटं अजून चालतात. चौदा वर्षं एका पाकिटात पडून होती, तरी चालतात. पोस्टातल्या माणसाने ती उलटसुलट करून बघितली, खिडकीच्या उजेडाला धरली आणि चालतील म्हणाला. पण हे कळवायला लिहितोय असं समजू नका. मला तुमचा राग आलाय म्हणून लिहितोय. तुम्ही जाऊन आठ वर्षं झाली, आता रागावून काय उपयोग, असं तुमचे मिस्टर मला म्हणाले. उपयोगाची कामं मी कधी केलीत? राग येतोय, एवढंच. गेले दहा दिवस येतोय. सकाळी डोळे उघडले की येतो, चहाच्याही आधी.

लिंबायतच्या आपल्या म्युनिसिपालटीच्या मराठी शाळेत बाकी सगळ्या बायांना पोरं "बेन" म्हणायची, गुजराती शाळेसारखं. तुम्ही एकट्या म्हणायचात, "बेन तुमच्या घरी. मला बाई म्हणा." आणि शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा असायची तेव्हा तुम्ही आम्हाला गावाला पत्र लिहायला लावायचात. प्रत्येक आठवड्याला सहा जणांची पाळी. कुणाचं शिरपूरला, कुणाचं अमळनेरला, कुणाचं पार बुलडाण्याकडे. घरोघरी मोबाइल आले होते तेव्हा, तुमच्याकडेही होता. कुणी म्हटलं की बाई, आम्ही फोन करतो की, तर तुम्ही म्हणायचात, "फोनवर काय बोलता रे? जेवली का, नळाला पाणी आलं का. झालं. लिहायला बसलं की तिसरी ओळ शोधावी लागते." पत्र तपासायचात ते लाल पेनाने नाही, पेन्सिलीने. मग पाकिटात घालून तिकीट लावायला आमच्याच हातात द्यायचात. तिकिटं साडीच्या खोक्यात असायची. साडीच्या घडीत जो पांढरा पुठ्ठा येतो, ज्याच्यावर अख्ख्या सुरतेतली पोरं गणितं करतात, तसल्या दोन पुठ्ठ्यांच्या मधे तिकिटांचा कागद, आणि वरून अंगाला लावायची पावडर भुरभुरवलेली. इथली हवा पावसाळ्यात इतकी ओली की तिकिटं आपोआप एकमेकांना चिकटून बसतात, म्हणून पावडर. त्यामुळे आमच्या सगळ्या पत्रांना बाळाला आंघोळ घातल्यासारखा वास यायचा. गावी माझी आजी पत्र आधी नाकाला लावायची आणि मग वाचून घ्यायची, असं चुलता सांगायचा.

तिकिटं आणायला तुम्ही मला पाठवायचात. वर्गात बसून राहणं मला जमायचं नाही म्हणून. "जा, पाय मोकळे करून ये, नाहीतर बाक मोडशील." पोस्ट दहा मिनिटांवर, मला पाऊण तास लागायचा. वाटेत लूमचा कारखाना होता, त्याच्या जाळीतून धोटा इकडून तिकडे धावताना बघत उभा राहायचो. एकदा एका बकरीच्या मागे गेलो होतो, का गेलो ते आठवत नाही. पोस्टात भिंतीवर पिनकोडचा तक्ता होता, तो तर मी पाठच करायला घेतला होता. तुम्हाला ते कसं कळलं कोण जाणे. सहावीत मी कसाबसा पास झालो त्या दिवशी तुम्ही मला पिनकोडची एक जुनी पुस्तिका दिलीत, कव्हर नसलेली, कडा उंदराने खाल्लेल्या. म्हणालात, "घे. फिरायचंच आहे तर आधी हिच्यात फीर." मला आजवर कुणी दिलेली सगळ्यात चांगली वस्तू आहे ती, आणि हे लिहितानासुद्धा चीड येतेय. ज्यांचा पिनकोड सहाने सुरू होतो त्या गावांना मी नंतर खरोखरच जाऊन आलो, बाई. एका बंदरावर मासे उतरवले, तिथली भाषा एक अक्षर कळायची नाही, पण दुकानाच्या पाटीवरचा शेवटचा पिनकोडचा आकडा वाचला की कळायचं आपण कुठे आलोय. तिथे एक म्हातारा मला रोज... ते राहू द्या. भरकटतोय.

सातवीतला तो गुरुवार. पोस्टात पाचची तिकिटं संपली होती, म्हणून मी एकएक रुपयाची तीस घेऊन आलो. तुम्ही कुरकुर केलीत, "आता एका पाकिटाला पाच-पाच. पोरं तासभर जीभ बाहेर काढून बसणार." माझ्यासमोर तुम्ही ती खोक्यात ठेवलीत. शुक्रवारी शाळा तपासायला साहेब येणार म्हणून तुम्ही कपाट आवरलंत. शनिवारी खोकं उघडलं तर पुठ्ठे होते, पावडर होती, तिकिटं नव्हती.

तुम्ही वर्गाला विचारलंसुद्धा नाहीत. सरळ माझ्याकडे बघितलंत. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "बाई, आपला टपाली तर हाच आहे ना!" सगळे हसले. मीही हसलो, कारण मला ते खरंच गमतीचं वाटलं. तुम्ही म्हणालात, "हसतोस काय? दप्तर उपडं कर." केलं उपडं. रिकामी बॉबिन निघाली, सायकलचे छर्रे निघाले, एक अर्धी चिक्की निघाली, तुमची पुस्तिका निघाली. तिकिटं निघाली नाहीत. मला वाटलं, संपलं. तर तुम्ही म्हणालात, "विकली असतील. ज्या पोराचे पाय जागेवर नसतात त्याच्या हातांचं काय सांगावं!" मी तीनदा म्हटलं, मी नाही घेतली. तिसऱ्यांदा आवाज फाटला तर पोरं परत हसली. तुम्ही पुस्तिका उचलून टेबलावर ठेवलीत, आणि ती मला कधीच परत मिळाली नाही. आणि शिपायाला पाठवून मायला बोलावून घेतलंत.

माय तेव्हाही हेच काम करायची, आजही करते, साडीच्या उलट्या बाजूचे सुटे धागे कात्रीने कापायचे. ती तशीच उठून आली. पदराला लाल, हिरवे, जरीचे धागे चिकटलेले. दारात उभी राहते. तुम्ही तिला आत या म्हणत नाही. चाळीस पोरांसमोर तिला सांगता की तुमच्या मुलाने तिकिटं चोरली. तिने मला विचारायला हवं होतं, "घेतली का रे?" एवढं तरी. तिने विचारलं नाही. शिकलेल्या बाईने सांगितलंय म्हणजे खरंच असणार. तिने हात जोडले आणि म्हणाली, "लेकरू शे बाई, माफ करा." म्हणजे माझ्या वतीने तिने कबूल करून टाकलं. रस्त्यात मारलं नाही. घर आल्यावर कुलूप काढता काढता फक्त एवढंच बोलली, "तुना बाप मरना तवय बी माले कोनापुढे मान खाले घालनी पडनी नही." बाप मी दुसरीत असताना गेलेला. तेव्हाही नाही, आणि आज मात्र माझ्यामुळे. मी म्हटलं, "माय, मी नही लिन्हात." ती स्टोव्हला पंप मारत राहिली.

सहा महिन्यांत मी शाळा सोडली. तुमच्यामुळे सोडली असं म्हणायला मला आवडलं असतं, पण कदाचित मी तशीही सोडली असती. मात्र जे उरलं ते तुमच्यामुळे उरलं. मी वर्षा-दीड वर्षाने कधी घरी येतो, चार दिवस राहतो, परत जातो. आणि मी घरात असलो की माय नळावर जाताना फळीवरचं पैशांचं पाकीट उचलून कमरेला खोचते. मी नसताना ते फळीवरच असतं, शेजारच्या वहिनीने एकदा बोलता बोलता सांगितलं. चौदा वर्षं मी हे बघतोय. ती लपवूनही करत नाही, भांडं उचलावं तसं उचलते. मी भिंतीकडे तोंड करतो.

आता दहा दिवसांपूर्वीचं सांगतो. सध्या मी एका टेम्पोवर सामान भरायचं काम करतो, पुढच्या महिन्यात काय करेन माहीत नाही. उधन्याला एका घरचं सामान बडोद्याला मुलाकडे जायचं होतं. कपाट खाली आणलं, पलंग आणला, आणि स्वयंपाकघरात खोकी बांधायला गेलो तर मांडणीत डबे. प्रत्येक डब्यावर पट्टी आणि पट्टीवर अक्षर. रवा. साबुदाणा. धणे. मी तिथेच उभा राहिलो. फळ्यावरचं तुमचं ते 'ध', वर गाठ मारलेलं. तुमचे मिस्टर मागून म्हणाले, "काय झालं? जड आहे का?" मी शाळेचं नाव सांगितलं. माझं नाव सांगितल्यावर ते स्टुलावर बसलेच. म्हणाले, "अरे, तू? थांब. जाऊ नको." आतून एक लांब पाकीट घेऊन आले. वर मायचं नाव, गल्ली, घर नंबर, पिनकोड. तिकिटाच्या जागी काही नाही.

मी तिथेच फोडलं. तुम्हाला आठवत असेल, पण तरी लिहितो, कारण माझं आता पाठ झालंय. "आपल्या मुलाने तिकिटे घेतली नव्हती. तपासणीच्या दिवशी मीच ती हजेरीपटाच्या कव्हरमध्ये ठेवली व विसरले. मी सर्वांसमोर बोलले, ते सर्वांसमोरच मागे घ्यायला हवे. आपली व त्याची क्षमा मागते." खाली सही. वर तारीख. त्या शनिवारानंतर तीनच आठवड्यांची! मी तेव्हा वर्गात होतो, बाई. तिसऱ्या बाकावर. तुम्ही रोज माझं नाव त्याच हजेरीपटातून वाचत होता आणि मी हजर म्हणत होतो. आणि पत्राच्या आत, बटर पेपरच्या घडीत, ती तीसच्या तीस तिकिटं, पावडरसकट. पाकिटाच्या आत तीस तिकिटं आणि बाहेर एकही नाही! दर शनिवारी पोरांकडून पत्रं लिहून घेणारी बाई, आणि तिला स्वतःला चार ओळी शाळेपासून पाच गल्ल्या पलीकडे पोचवता आल्या नाहीत.

तुमचे मिस्टर म्हणाले, "ती म्हणायची, हे पोस्टाने पाठवायचं नाही, मी जाऊन देते. आज जाते, उद्या जाते. मग कळलं तू शाळा सोडलीस. मग कळलं गावच सोडलंस."

"पण माय तर तिथेच होती ना, काका! मायला द्यायचं होतं ना!"

त्यांनी चष्मा पुसला. "तिला लाज वाटायची रे. रागावून आता काय उपयोग?" आणि मला चहा करून दिला, तुमच्या 'साखर' लिहिलेल्या डब्यातली साखर घालून. मी प्यायलो. चांगला होता. त्याचाही राग आला.

मायला मी तोंडाने सांगू शकलो असतो. त्याच संध्याकाळी. पण मी सांगितलेलं तिने चौदा वर्षांपूर्वी ऐकलं होतं काय? पत्र हातात नेऊन दिलं असतं तर तिला वाटलं असतं, कुठून तरी लिहून आणलं. तुम्ही सगळ्यांसमोर बोलल्या होता, तेव्हा तुमचं पत्र सगळ्यांसमोरच यायला हवं, खाकी पिशवीतून, गल्लीत हाक मारत. म्हणून मी पत्र परत त्याच पाकिटात घातलं, फोडलेली कड चिकटवली आणि पोस्टात गेलो. तुमचीच तिकिटं घेऊन.

खिडकीवर एक तरुण होता, माझ्याच वयाचा. तिकिटं बघून म्हणाला, "आ तो बहु जूनी छे, भाई. क्यांथी लाव्यो?" कुठून आणलीस! बाई, पुन्हा तोच प्रश्न, तीच तिकिटं. मी म्हटलं, "माझी आहेत." तो म्हणाला, "तारी तो छे, पण आवी क्यांथी?" रांगेतला एकजण म्हणाला, "बाप का खजाना मिला होगा." मी वळून त्याला म्हटलं, "बाप का नहीं, टीचर का. तुझे क्या?" आवाज बराच चढला असणार, कारण आतल्या टेबलावरचे एक वयस्कर साहेब उठून आले. त्यांनी कागद उचलला, फुंकर मारली, पावडर उडाली. उजेडाला धरला. त्या तरुणाला म्हणाले, "वापरेली नथी. सिक्को पड्यो नथी. चाले." मग माझ्याकडे बघून हिंदीत, "पाँच लगा दो, पहुँच जाएगा."

मी म्हटलं, सगळी लावणार. ते म्हणाले, पाचात काम होतंय, पंचवीस फुकट का घालवतोस? मी म्हटलं, "सब लगानी हैं, साहब. एक भी घर नहीं ले जानी." त्यांनी गोंदाची बाटली पुढे सरकवली. "ऍड्रेस मत ढकना."

तिकिटांमागचा डिंक मेला होता. त्यावर पावडर, म्हणून गोंदही धरेना. शर्टाच्या बाहीने एकेक पुसून लावत बसलो. आठ पुढे बसली, बावीस मागे. मागचा माणूस म्हणाला, "ओ भाई, लिफाफा भेज रहा है कि दीवार को टाइल लगा रहा है?" रांग हसली. या वेळी मी हसलो नाही. शेवटी तो तरुण शिक्का घेऊन बसला आणि एकेका तिकिटावर मारायला लागला. ठप, ठप. काही शिक्के दोन तिकिटांवर पडले. मी मोजत होतो. प्रत्येकावर आजची तारीख पडेपर्यंत मी खिडकी सोडली नाही.

तीन दिवस मी ओट्यावर बसून काढले. टेम्पोवर गेलो नाही. मला बसून राहायला जमत नाही हे तुम्हाला माहीतच आहे. माय म्हणाली, "बिमार शे का?" चौथ्या दिवशी दुपारी टपाली आला, आणि बँकेची पत्रं टाकतो तसं न टाकता गल्लीतच उभा राहून ओरडला, "माजी! आ कोणे मोकल्युं? आखी टिकटनी दुकान चोंटाडी छे!" कुणी पाठवलं म्हणे, तिकिटांचं अख्खं दुकान चिकटवलंय. बायका बाहेर आल्या. माय कात्री हातात घेऊन उंबऱ्यापर्यंत आली. तिने पाकीट फिरवून फिरवून बघितलं. वाचून दाखवायला माझ्याकडे दिलं नाही, शेजारच्या वहिनीकडे दिलं. मला तेच हवं होतं, तरी ते लागलं.

वहिनीने वाचलं. मोठ्याने, एकेक शब्द तोडून. समोरच्या दोघी-तिघी ऐकत होत्या. "क्षमा मागते" आल्यावर वहिनी थांबली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बापरे, भाऊ!" माय एकदम तुमच्यावरच चिडली. "यवढं लिखता उनं, अन् पाच गल्ल्या चालता उनं नही बाईले?" मी हेच दहा दिवस म्हणतोय, पण तिच्या तोंडून ऐकताना मला तुमची बाजू घ्यावीशी वाटली. घेतली नाही.

संध्याकाळी नळाला पाणी आलं. माय हंडा घेऊन उठली आणि तिचा हात आपोआप फळीवरच्या पाकिटाकडे गेला. अर्ध्यात थांबला. तिने ते पाकीट हलवून जिथल्या तिथे नीट ठेवलं, उगाच जास्त नीट, आणि माझ्याकडे न बघता गेली. मला वाटलं होतं बरं वाटेल. नाही वाटलं, बाई. ती न उचलता गेली हे दोघांनाही कळत होतं, ते उचलण्यापेक्षा वाईट होतं. पाणी भरून आल्यावर हंडा उतरवता उतरवता तिने विचारलं, "मंग ती बाई तुले पुढे कधी भेटनीच नही का?" मी म्हटलं, "नाही."

हे पत्र मी पाठवणार नाही. बडोद्याला गेलं तर तुमचे मिस्टर वाचतील, आणि त्यांच्या वाट्याला हे कशाला? मायला दाखवायची माझी हिंमत नाही. पण लिहायला बसलोच आहे, तर तुमच्यापुरतं लिहून टाकतो. शाळा सोडली त्याला दोन वर्षं झाली असतील. कामरेजच्या चौकात आमचा टेम्पो अडकला होता, मी मागे गाठोड्यांवर बसलो होतो. तुम्ही पलीकडे बसची वाट बघत उभ्या होता. तुम्ही मला पाहिलंत आणि हाक मारलीत, पूर्ण नावाने, बापाच्या नावासकट, आणि हात वर करून येणारे ट्रक थांबवत रस्ता ओलांडायला लागलात. अर्ध्या रस्त्यात आल्या होता. ड्रायव्हरने मान बाहेर काढून मला विचारलं, "तेरे को बुला रही है क्या वो?"

मी म्हटलं, "मेरे को नहीं. निकाल गाडी."